शिमोन कुरेनेकरांस, सलाम

प्रिय शिमोनदादा,

शुभवर्तमानं लिहिणाऱ्या मत्तय, मार्क आणि लूक यांनी तुमच्यावर एकेक वचन खर्च केलं. योहानाने तेही नाही. त्याच्या लेखी येशू आपला वधस्तंभ आपणच वाहत निघाला. तरी यंदा उत्तम शुक्रवारी, बारा ते तीनच्या उपासनेत, माझं मन तुमच्यापाशीच अडकलं. मत्तयाच्या एका शब्दामुळे: येशूचा वधस्तंभ वाहायला शिपायांनी तुम्हाला ‘वेठीस धरले’.

गेल्या दिवाळीपासून माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. आम्ही तीन जावा, पण दवाखान्याजवळ घर माझं, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. मला कोणी विचारलं नाही. मंडळीतल्या बायका म्हणतात, ‘किती प्रेमानं करतेस गं!’ मी मान खाली घालते. प्रेमबीम काही नव्हतं, दादा. वेठच होती. आणि वेठ वाटते याची लाज वेगळीच.

तुम्ही तर शेतावरून येत होता. रात्रभर काय झालं याची तुम्हाला कुठली खबर? येशूला माजी महायाजक हन्नाकडून महायाजक कयफाकडे, तिथून रोमी सुभेदार पिलाताकडे, पिलाताने गालीलचा अधिपती हेरोदाकडे धाडलं, हेरोदाने परत. एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी. दोष सापडत नाही असं स्वतःच म्हणणारा आणि तरी फटके मारून वधस्तंभी देणारा न्यायाधीश. तुम्हाला फक्त शिपाई दिसला, आणि लाकूड खांद्यावर आलं. रोमी शिपायाला नाही म्हणायची कोणाची टाप होती!

लूक म्हणतो, तुम्हाला येशूच्या मागे चालवलं. म्हणजे वाटभर तुम्हाला पाठच दिसली असणार. फटक्यांनी सोललेली, वर तेच कपडे पुन्हा चढवलेले. सासूबाईंच्या पाठीला जखम झाली आहे. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, कोमट पाण्याने भिजवत भिजवत सोडवायचं. ते करताना हल्ली तुम्ही डोळ्यांपुढे येता. तुम्हाला तर पाणीही द्यायची मुभा नव्हती.

तुमच्याच नावाचा दुसरा शिमोन, येशूचा शिष्य पेत्र, आदल्या रात्री येशूला म्हणाला होता, तुरुंगात यायला आणि मरायलाही तयार आहे. कोंबडा आरवायच्या आत त्याला तीनदा नाकारून मोकळा झाला. (त्याला हसत नाही मी. शब्द देणं मलाही सोपं जातं.) शेवटी लाकूड उचललं ते ओढून आणलेल्या शिमोनाने.

डोंगरावर येशू म्हणाला होता, कोणी वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. मूळ ग्रीकमध्येही इथे आणि तुमच्या वचनात क्रियापद एकच आहे. तुम्ही ते प्रवचन ऐकलं नसेल, पण ते सांगणाऱ्याचंच ओझं तुमच्या खांद्यावर होतं.

आभार कशाचे, तर तुम्ही खुशीने पुढे झालात असं कोणीच लिहून ठेवलं नाही, याचे. तसं लिहिलं असतं तर तुम्ही मला परकेच राहिला असता.

मार्क तुमची ओळख आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप म्हणून देतो. रोमच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो, ‘ती माझीही आई’ म्हणतो. तो रूफ तुमचाच असावा असं पुष्कळांना वाटतं, मलाही. तसं असेल तर त्या संध्याकाळी घरी जाऊन तुम्ही काहीतरी बोलला असणार. मी अजून घरात कोणाशी बोललेले नाही. पहिलं तुम्हालाच लिहिते आहे.

वहिनींना सलाम सांगा. सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली.

तुमची,
एक धाकटी बहीण