फुटलेली कौलं आणि न सुटलेलं मनगट

संपादक महोदय,

स. न.

स्वसंरक्षण शिबिराच्या समारोपाची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतच्या मोठ्या छायाचित्रात एका मुलीच्या हाताच्या फटक्यानं कौलांची चळत दुभंगताना दिसते. तीन तासांच्या प्रशिक्षणानंतर या मुली कोणत्याही प्रसंगाला तोंड द्यायला सज्ज झाल्या आहेत, असं बातमीत म्हटलं आहे. मी एकवीस वर्षं ज्युदो शिकवते. ती बातमी वाचून मला त्या मुलींची काळजी वाटली, म्हणून लिहिते आहे.

आधी कौलांबद्दल. प्रात्यक्षिकात प्रत्येक दोन कौलांच्या मध्ये लहान तुकडे ठेवून फट सोडलेली असते. त्यामुळे चळत एकसंध राहत नाही, एकेक कौल सुटं सुटं फुटतं आणि वरच्याचा भार खालच्यावर येतो. लाकडी फळीही अशी कापलेली असते की ती रेषांच्या दिशेनं चिरली जावी. हे करायला धीर लागतो, नेम लागतो, हात मध्येच आखडता न घेण्याची सवय लागते. त्या मुलीचं कौतुक व्हायलाच हवं. पण कौल जागचं हलत नाही, केस धरत नाही, भिंतीकडे ढकलत नाही. ते फोडता आलं म्हणून माणसाशी झटापट करता येते, असं होत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका शिबिरातून आलेली मुलगी माझ्याकडे शिकायला आली. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं पिळून हात सोडवायचा, हे तिला शिबिरात शिकवलं होतं आणि दहापैकी दहा वेळा जमलंही होतं. घरी जाऊन तिनं मोठ्या उत्साहानं धाकट्या भावाला मनगट धरायला सांगितलं. त्यानं धरलं आणि नुसतं उभं न राहता तिला ओढत नेलं. हात सुटला नाही. मला हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. आपल्यालाच जमत नाही, आपण दुबळ्या आहोत, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

डाव खोटा नव्हता. पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, हे खरंच आहे. फरक होता तो समोरच्यात. शिबिरातली जोडीदार हात धरून थांबून राहायची आणि मैत्रिणीला डाव जमावा म्हणून नकळत पकड सैलही करायची. खरा धरणारा ओढतो, हिसडा देतो, दुसरा हात मध्ये आणतो. आम्ही मॅटवर तोच डाव पुन्हा घेतला. सुरुवातीला मी थोडाच विरोध केला, मग रोज वाढवत नेला. नुसता हात पिळण्याऐवजी आधी पाऊल टाकून अंग जवळ न्यायचं, मग कोपर आणि कंबर एकदम वळवायची, हे तिला हळूहळू उमगलं. तीन महिन्यांनी पूर्ण जोरानं धरलेला हात ती दहापैकी सहा वेळा सोडवू लागली. दहाचे सहा झाले म्हणून तिला वाईट वाटलं. मला मात्र त्या सहांचा फार आनंद झाला, कारण ते तिनं कुणाच्या मेहेरबानीशिवाय मिळवले होते.

हा फरक ओळखणारा माणूस जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युदोच्या पहिल्या शाळेची स्थापना केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ज्यानं जोडीदार जायबंदी होईल असे डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि ठरावीक क्रमाच्या ‘काता’पुरते ठेवले. उरलेले डाव दोघांनी जिंकण्याच्या इराद्यानं, एकमेकांना पूर्ण विरोध करत खेळायचे. या मुक्त सरावाला ‘रांदोरी’ म्हणतात. वरवर पाहता त्यांनी विद्या सौम्य केली. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला रोज, पूर्ण ताकदीनं, न ऐकणाऱ्या माणसावर डाव टाकायची सोय झाली. म्हणून ‘आमची विद्या इतकी घातक आहे की ती सरावात वापरताच येत नाही’ असं एखादे गुरुजी म्हणाले की मला धास्ती वाटते. जो डाव विरोध करणाऱ्या माणसावर एकदाही टाकलेला नाही, त्याच्यावर शिष्यानं जीव पणाला लावून विसंबायचं का?

यात दर वेळी कुणी फसवतच असतं, असं नाही. जपानमधले यानागी र्युकेन हे गुरू स्पर्श न करता, केवळ ‘की’ म्हणजे अंतःशक्तीच्या जोरावर शिष्यांना लोळवत असत. २००६ मध्ये त्यांनी एका व्यावसायिक लढवय्याशी जाहीर सामना घेतला आणि काही क्षणांतच त्यांना मार बसून लढत थांबली. त्या सामन्याचं चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही, कारण ढोंगी माणूस असा सामना घेणारच नाही. वर्षानुवर्षं पडणाऱ्या शिष्यांनी गुरूला आणि पडत्या सोबत्यांनी एकमेकांना पटवून दिलं होतं. आदरापोटी पडण्याची ही सवय कुठल्याही वर्गात शिरू शकते, माझ्याही. २०१७ मध्ये चीनमध्ये शू श्याओतुंग या लढवय्यानं ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या एका गुरूंना अर्ध्या मिनिटाच्या आतच हरवलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यातून ताई ची निरुपयोगी ठरत नाही. वयस्कर लोकांचा तोल सुधारायला, पडणं कमी व्हायला तिचा उपयोग होतो. फक्त उपयोग कशाचा, हे शिकवणाऱ्यानं सांगायला हवं.

‘तंत्रापुढे ताकदीचं काही चालत नाही’ हे वाक्यही जपून वापरावं. १९९३ मध्ये यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एकमेकांशी भिडवणाऱ्या अमेरिकेतल्या स्पर्धेत, ती पहिल्यांदा झाली तेव्हा, वजनगट नसताना, ब्राझीलचे जुजुत्सू लढवय्ये रॉयस ग्रेसी यांनी आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना हरवलं, हे खरं. त्या वेळी समोरच्यांना जमिनीवरची कुस्ती फारशी येत नव्हती. ती सगळे शिकू लागले आणि १९९७ मध्ये त्याच स्पर्धेत वजनगट आले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं खुल्या गटाचं सुवर्ण नेदरलँड्सच्या उंचापुऱ्या आंतोन खेसिंक यांनी, जपानच्या कामिनागांना त्यांच्याच देशात हरवून नेलं. दोघांनाही तंत्र येत असेल तर वजन बोलतं. पन्नास किलोच्या मुलीला हे लपवून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

छोट्या समजुती तर पुष्कळ आहेत. नाकावर तळहात मारला की हाड मेंदूत घुसतं, हे शरीररचनेला धरून नाही. बोटांच्या फटीत किल्ल्या धरून मारलं तर त्या वळतात आणि आपलाच हात सोलवटतात. हातमोजे न घालता मुठीनं कवटीवर ठोसा मारणाऱ्याच्या करंगळीमागचं हाड मोडण्याचे प्रकार इतके नेहमीचे आहेत की त्याला ‘बॉक्सर फ्रॅक्चर’ असंच नाव पडलं आहे. काळा पट्टाही अजिंक्यपद नव्हे, ‘शोदान’ या शब्दाचा अर्थच पहिली पायरी.

चाकूबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. चाकू हिसकावण्याचे डाव शिबिरांत हमखास दाखवतात. हल्लेखोर एकच वार करतो आणि हात पुढे तसाच ताणून उभा राहतो. चाकूवाला असं कधीच करत नाही. तो वार करून हात मागे घेतो आणि पुन्हा पुन्हा भोसकतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात प्रशिक्षित पोलिसालाही पिस्तूल काढून नेम धरणं कठीण जातं. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते: पर्स द्या, फोन द्या, पळता येत असेल तर पळा. अगदीच कोंडीत सापडलात तरच हात चालवा. हे ऐकून काही पालक नाराज होतात. होऊ देत.

सगळ्यात जास्त खटकतं ते हे की शिबिरातला हल्लेखोर नेहमी अंधारातून येणारा अनोळखी माणूस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनपैकी एका स्त्रीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते आणि ती बहुतांश वेळा जोडीदाराकडूनच होते. ज्याला आपण काका, दादा, सर म्हणतो किंवा ज्याच्याशी संसार केला, त्याच्या बरगडीत कोपर मारायला हात उचलत नाही. तिथे अडतं ते मन. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी याच अडचणीवर बारा तासांचा कार्यक्रम आखला. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणं, संकोच बाजूला सारून ठाम बोलणं आणि मग शारीरिक प्रतिकार, असं त्याचं स्वरूप होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनी होत्या. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के आढळलं. म्हणजे प्रशिक्षणानं फरक पडतो. म्हणूनच ते नीट व्हावं, यासाठी माझा जीव तुटतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक वर्गात सांगायलाच हवी. हल्ल्याच्या वेळी कित्येकींचं शरीर जागीच थिजतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात, २०१७ साली, सत्तर टक्के स्त्रियांनी हा अनुभव लक्षणीय प्रमाणात आल्याचं सांगितलं. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. ‘तू तर शिकली होतीस, मग का नाही मारलंस?’ हा प्रश्न मी एका विद्यार्थिनीच्या घरी माझ्या कानांनी ऐकला आहे. तिची मान खाली गेलेली मी विसरू शकत नाही. गुन्हा करणाऱ्याचा असतो. तिच्या तीन तासांच्या प्रमाणपत्राचा नसतो.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या शिबिराची बातमी करताना वार्ताहरांनी संयोजकांना विचारावं: किती तास शिकवलं, जोडीदारानं खरा विरोध केला का, घरातल्या आणि ओळखीतल्या माणसांबद्दल काही बोलणं झालं का. आणि शिबिर संपल्यावर सहा महिन्यांनी त्याच मुलींपैकी कुणाला तरी पुन्हा भेटावं, तिचं मनगट घट्ट धरायला सांगावं, आणि जे दिसेल ते छापावं.

आपली,
एक ज्युदो प्रशिक्षिका