काकू, तुम्ही शिवलेल्या त्या करड्या पॅन्टबद्दल

काकू, नमस्कार. तोंडावर बोललो तर तुम्ही "पुरे रे, चहा घे" म्हणून विषय बदलणार, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय, आता रागवा हवं तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी ह्यूस्टनजवळ एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप आणि त्यातलं दुकान, चालवतो, रात्री अकराला एकटाच शटर ओढतो आणि कॅश घेऊन गाडीपर्यंत चालत जातो. एच वन व्हिसावर होतो तेव्हा बंदुकीचा प्रश्नच नव्हता, ग्रीन कार्ड आल्यावर घेतली. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, तरी मी क्लास करून, ती ५० गोळ्यांची परीक्षा देऊन परवाना काढला, कारण नुसती जवळ असून काय उपयोग, चालवता नको यायला?

पण खरी अडचण निघाली पॅन्टची, हे कोणी सांगतच नाही! भरलेलं पिस्तूल साधारण साडेसहाशे ग्रॅम, ते होल्स्टरसकट, म्हणजे त्याच्या कडक म्यानासकट, पॅन्टच्या कमरेच्या आत खोचायचं, म्हणजे घेर दीड-दोन इंच वाढला. मग ३४ च्या जागी ३६ घ्या, की मागून लेंगा लोंबतो. बंदूकवाल्यांसाठीच्या त्या खास टॅक्टिकल पॅन्ट आणल्या तर त्यांना बारा खिसे, बघणाऱ्याला लांबूनच कळतं की ह्याच्याकडे काहीतरी आहे, मग लपवायचं कशाला? आणि जुलैत इथे ३७-३८ डिग्री, वरून जॅकेट घालायची सोय नाही. एकदा कूलरच्या खालच्या रॅकमध्ये दूध लावायला उकिडवा बसलो आणि आसन टर्रकन उसवलं, वर बेल्टचा लूप तुटून होल्स्टर सरकत पाठीकडे गेलं, समोर गिऱ्हाईक उभं. घाम फुटला हो.

मंडळाच्या गणपतीत तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुमचं पहिलं वाक्य, "मला ती वस्तू आवडत नाही आणि घरात तर अजिबात नको." दुसरं वाक्य, "तुझी मुलगी किती वर्षांची, ती वस्तू कुठे ठेवतोस?" नंबरच्या कुलपाच्या पेटीत ठेवतो म्हटल्यावरच तुम्ही टेप काढली. मापाला येताना मी ती सरावाची निळी प्लॅस्टिकची बंदूक आणायची, खरी घरी पेटीत, गाडीतसुद्धा नाही, ही तुमची अट. मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं, आता वाटत नाही.

तुम्ही आधी म्हणालात की चोरखिसा लावून देते, माझी आई वारीला जाताना परकराला लावायची तसा. मी सांगितलं की नुसत्या खिशात चालत नाही, चापाभोवतीचा भाग कडक होल्स्टरने पूर्ण झाकलेला पाहिजे, नाहीतर किल्ली नाहीतर कापडाची घडी आत अडकून घात होईल. तुम्ही ती निळी बंदूक होल्स्टरमध्ये दहा वेळा घालून काढून बघितली, मग मला म्हणालात बस, वाक, बुटाची लेस बांध, गाडीत बसल्यासारखं कर. आणि मग तो प्रश्न, जो मला क्लासमध्येही कोणी विचारला नव्हता, "बाथरूमला गेल्यावर काय करतोस रे?" मी गप्प. खरं सांगायचं तर काढून टिश्यूच्या डब्यावर ठेवायचो, आणि तशी विसरून निघून गेलेली माणसं ह्या देशात आहेत. तुम्ही कपाळावर हात मारलात.

त्या प्रश्नातूनच ही पॅन्ट निघाली. होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून दोन रुंद लूप, दुहेरी कापडाचे, दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे दाट पक्के टाके, मारलेले, म्हणजे दीड इंची कडक बेल्ट जागचा हलत नाही आणि पॅन्ट खाली केली तरी होल्स्टर उलटं पडत नाही, हातच लावावा लागत नाही. कमरपट्टीत बकरमचं कडक कापड, पण फक्त उजव्या बाजूला, बेंबीपाशी बारा धरले तर घड्याळात चार वाजतात तिथून पुढे, बाकी मऊ. बाजूंना दडवलेलं इलॅस्टिक, म्हणून कंबर वाढली पण मागे झोळ नाही. आसनात चौकोनी तुकडा घातला, आता दुधाचे कितीही क्रेट लावा. कापड मी स्ट्रेचवालं आणलेलं, ते तुम्ही चिमटीत ताणून बाजूला टाकलंत, "महिन्याभरात गुडघे येतील ह्याला."

आणि अस्तर! प्लॅस्टिकची कडा कमरेला घासून चट्टा पडला होता, तो मी सांगितलाही नव्हता, तुम्हाला शर्टच्या आतल्या डागावरून कळलं. जुनी सुती साडी फाडून गोधडीसारखे बारीक टाके घालून आतून लावलीत. जांभळ्या काठाचा एक तुकडा अजून दिसतो, बायको हसते.

मला वाटायचं शर्टावर आकार उमटला नाही म्हणजे जमलं. तसं नाही हो. पूर्वी दर पाच मिनिटांनी माझा हात कमरेकडे जायचा, पॅन्ट वर ओढ, शर्ट खाली ओढ, त्यावरूनच बघणाऱ्याला सगळं कळायचं. आता हात जात नाही. रात्री अकराला गाडीकडे जाताना मी कमरेकडे नाही, पार्किंगकडे बघतो.

चोरखिसा तुम्ही लावलातच शेवटी, डाव्या बाजूला, त्यात मी ग्रीन कार्ड ठेवतो. पैसे घेतले नाहीत ते नाहीतच.

ती निळी बंदूक तुमच्याकडेच राहिलीय, बॉबिनच्या ड्रॉवरमध्ये, काका सांगत होते. शनिवारी न्यायला येतो. येताना कापड आणू का, अजून एक शिवाल? ह्या वेळी स्ट्रेच नाही, शप्पथ.