वाड्यांवरच्या शाळांसाठी कळकळीचे आवाहन

समस्त ग्रामस्थ, चाकरमानी व माहेरवाशिणी, सप्रेम नमस्कार.

आपल्या केंद्रात (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात) जिल्हा परिषदेच्या नऊ शाळा. केंद्रशाळा सातवीपर्यंत, बाकीच्या वाड्यांवर, बहुतेकींचा पट विसाच्या आत. 2023 च्या आंतरजिल्हा बदल्यांत घाटावरचे गुरुजी आपापल्या गावी गेले, त्यांना दोष नाही. पण तीन वाड्यांवर आज एकच शिक्षक आहे. तो मीटिंगला मंडणगडला गेला की शाळा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या भरवशावर. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं कायदा म्हणतो. ती मोडली तर सहा वर्षांची पोरं भर पावसात पऱ्या ओलांडणार का?

ही शाळा नुसती सरकारची नाही. जिल्हा परिषद 1962 ची, आपली शाळा त्याआधीची, लोकल बोर्डाची. देवळाच्या पडवीत भरायची. इमारतीचा चिरा आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून वाहिला. 1967 च्या कोयना भूकंपात मागची भिंत फाटली, तेव्हा गिरणीतल्या भावकीने पगारातून पैसे पाठवले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने कौलं उडवली. स्वतःच्या घरावर ताडपत्री असलेल्यांनी आधी शाळा शाकारली. वरच्या वाडीतल्या आजींनी (नाव छापायचं नाही, अशी ताकीद आहे) काजूचे पैसे घंटेसाठी दिले. ती घंटा आजही खालच्या आळीपर्यंत ऐकू येते. टीव्ही देणाऱ्या दादांचेही आभार, फक्त त्याचं वीजबिल सादिलात (शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांत) बसत नाही, ते आम्ही भरतो.

गेल्या शिमग्यालाही शाळेसाठी देणगी मागितली होती. सभामंडपाच्या देणगीदारांची यादी दोन पानं झाली, शाळेची अकरा नावांवर थांबली. त्यातली चार रोजंदारीवर जाणाऱ्यांची. देवाचं नको असं कोण म्हणेल? पण गणपतीत ‘शाळेचं काय झालं?’ विचारणारे पुष्कळ भेटतात.

गावातल्याच डी.एड. झालेल्या तीन मुली शिकवायला तयार आहेत. मानधन प्रत्येकी दरमहा 5,000, दहा महिने, एकूण 1,50,000; जमा 38,000. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याआधी रक्कम हवी. खातं मंडळाचं, नेहमीचंच. चेक मंडळाच्या नावे. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. मुंबईकरांनी मेच्या दुसऱ्या रविवारच्या बैठकीत द्यावी. वह्या-दप्तरं कृपया नकोत, मागची अजून खोलीत आहेत.

आपला,
सचिव, ग्रामस्थ मंडळ (स्थानिक व मुंबई)

ता. क. गेल्या वर्षीच्या दोन पावत्या माझ्याकडेच राहिल्यात. ज्यांच्या आहेत त्यांनी रागावू नये, घेऊन जाव्यात.