शंभर वॅट म्हणजे नेमके किती?

महोदय,

अमेरिकेतील छोट्या गावांच्या रेडिओला सरसकट ‘शंभर वॅटचे केंद्र’ म्हटले जाते, त्यात एक गफलत आहे. 2000 साली तिथे सुरू झालेल्या लो पॉवर एफएम परवान्यातील 100 वॅट ही अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी शक्ती असते, ट्रान्समीटरची नव्हे. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरींत शक्ती वाटणारी एकच अँटेना लावली, तर निम्म्याहून अधिक शक्ती त्या वाटपातच जाते. म्हणून ट्रान्समीटर 220 वॅटच्या आसपास चालवावा लागतो. केबलमधली गळती वेगळीच. अँटेना आसपासच्या जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा 30 मीटरहून उंच असेल, तर वॅट कमी करावे लागतात. पल्ला जेमतेम साडेपाच किलोमीटर.

पावसाळी रात्रीनंतर आवाज क्षीण झाला, तर आधी अँटेनाजवळचा केबलचा जोड पाहावा. तिथे पाणी शिरले की शक्ती उलटी परतते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करतो. पुष्कळदा रबरी टेप नीट न गुंडाळल्याचीच ही किंमत!

जाहिरातींना अमेरिकेतील या केंद्रांवर मज्जाव, प्रायोजकाचा फक्त साधा उल्लेख करता येतो. आपल्या सामुदायिक रेडिओला निदान जाहिरातींची मुभा आहे.

– एक वाचक