गच्चीवरच्या सौर संयंत्राची पाहणी डिसेंबरात करा

महोदय,

मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल दिसू लागले आहेत, याचे मनापासून समाधान वाटते. मुलुंडमधील आमच्या संस्थेनेही लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी २० किलोवॅटचे संयंत्र बसवले. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट, या हिशेबाने ८० युनिटची अपेक्षा होती. परंतु हिवाळ्यात आकाश निरभ्र असतानाही मीटर ६०च्या पुढे सरकेना.

अखेर जानेवारीतील एका रविवारी मी दिवसभर गच्चीवर बसलो. दुपारी दोननंतर पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या जवळच्या ओळीवर चढली. ती जेमतेम वीतभर होती, पण तेवढ्यानेच इन्व्हर्टरवरील आकडा झपाट्याने उतरला. सूर्यप्रकाश पडताच पॅनेलमधील सिलिकॉनच्या घटात (सेलमध्ये) इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीजप्रवाह सुरू होतो. मात्र एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट असल्याने असे अनेक घट साखळीसारखे एकामागे एक जोडावे लागतात. त्यांतील एक जरी झाकोळला, तरी तो सबंध साखळीचा प्रवाह अडवतो. पॅनेलमधील बायपास डायोड प्रवाहाला वळसा देतो खरा, पण तेवढ्या भागाची वीज जातेच. (कबुतरांच्या विष्ठेनेही हेच होते, म्हणून आम्ही आता दर पंधरवड्याला पॅनेल धुतो.)

ही सावली आधी कुणालाच कशी दिसली नाही? कारण ठेकेदाराची पाहणी मे महिन्यात झाली होती. मेच्या मध्याला मुंबईत शून्य सावली दिवस असतो. सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि टाकीची सावली तिच्या पायाशीच राहते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे सावल्या लांबतात. ती ओळ पदरचा खर्च करून हलवल्यावर आकडा ७५ युनिटपर्यंत गेला.

पीएम सूर्यघर योजनेत संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये अनुदान मिळते. ते मंजूर करताना २१ डिसेंबरच्या सूर्यस्थितीनुसार काढलेला सावलीचा नकाशा सक्तीचा करावा, अशी माझी संबंधित अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. तोवर संस्थांच्या कार्यकारिणींनी हा नकाशा हाती आल्याशिवाय करारावर सही करू नये.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, मुलुंड, मुंबई