हरायचं काम थोरल्याचं

फुकुओका,
रविवार, रात्री

प्रिय दत्त्या,

तुझं पत्र मिळालं. काठीच्या क्लासवरून खूप हसलास ना? अरे, म्हातारपणी सगळेच धरतात, मी चाळिशीत धरली!

याला जोदो म्हणतात, तलवारीपुढे काठीने लढायची जपानी विद्या. काठी पांढऱ्या ओकची, १२८ सेंटिमीटर लांब, जेमतेम २.४ सेंटिमीटर जाड. दोन्ही टोकं सारखी. तुमच्या मर्दानी खेळातल्या लाठीसारखी ती भिरभिरत नाही, तळव्यातून सरकते. सगळी गंमत त्या सरकण्यात. तळवा घामेजला की संपलं.

समोरच्याकडे लाकडी तलवार. आणि ती नेहमी जाणत्याच्या हातात, काठी शिकणाऱ्याच्या. म्हणजे रोज हरायचं काम थोरल्याचं! हे मला फार आवडलं.

गेल्या महिन्यात 'हिकिओतोशी', म्हणजे काठीने तलवार खाली पाडायचा वार, करताना मी जीव खाऊन काठी हाणली. तलवार ढिम्म, माझा अंगठा काळानिळा. आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरू, सत्तरीच्या बाई, म्हणाल्या, "खांदे सोडा." वार आदळायचा नसतो, पात्यावरून घासत खाली न्यायचा. तसं केलं नि तलवार अशी बाजूला गेली, मीच दचकलो.

हे सगळं इथलंच, बरं का. दाझाइफूजवळ होमान डोंगर आहे, ८२९ मीटरचा. नामांकित तलवारबाज मियामोतो मुसाशीकडून हरलेला मुसो गोन्नोसुके, या विद्येचा मूळपुरुष, तिथे तप करत बसला आणि त्याला दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका: 'गोल लाकडाने सुइगेत्सू जाण.' सुइगेत्सू म्हणजे पाण्यातला चंद्र, आणि छातीखालचा मऊ खळगासुद्धा. पुढे ही विद्या इथल्या कुरोदा संस्थानाने जपली. १९६८ साली केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, महासंघाने त्यातून १२ काता, म्हणजे जोडीने करायचे ठरावीक डाव, ठरवल्या. मी दुसरीवरच अडलोय. तिचं नाव सुइगेत्सूच! वार येताना मागे पळायचं नाही. तिरकं पुढे सरायचं आणि टोक खळग्यावर. पाय ऐकत नाहीत रे, ते मागेच जातात.

फायदा विचारलास. मान धरायची ती थांबली, पाठ सरळ झाली. बाकी सांगायचं तर, डोक्यावर तलवार असताना ऑफिसचं काही आठवत नाही.

काठीला वॉर्निश नसतं, ती तेलाने पुसतात. दिवाळीत येशील तेव्हा घाण्याचं जवसाचं तेल आण. आणि तुझी तालमीतली लाठी माळ्यावर आहे का अजून? तीही पुसून ठेव.

तुझा,
बाळ्या