स्ट्रॅटोकॅस्टर घडवणाऱ्यांचीही नावं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारवरचा लेख वाचला, मराठी पेपरात या विषयाला इतकी जागा मिळाली याचा खरंच आनंद झाला. पण फेंडर स्ट्रॅटोकॅस्टरबद्दल लिहिताना सगळा लेख जिमी हेंड्रिक्स आणि एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध वादकांभोवतीच फिरला आणि ही गिटार घडवली कोणी, कशी, हे एका ओळीत उरकलं, म्हणून हे पत्र.

लिओ फेंडर हे मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ रिपेअर करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, त्यामुळे वाजवणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. त्यांची आधीची गिटार, टेलिकॅस्टर, सरळ फळीसारखी होती, कडा बरगड्यांना टोचायच्या, आणि बिल कार्सन, रेक्स गॅलियन अशा रोज वाजवून पोट भरणाऱ्या मंडळींनी तसं तोंडावर सांगितलं. म्हणून 1954 मध्ये आलेली स्ट्रॅट पाठीमागून पोटाशी खोलगट आहे आणि वर हात टेकतो तिथे उतरती आहे. बॉडीचा तो आकार रेखाटण्यात मोठा वाटा फ्रेडी टवारेस यांचा, मूळचे हवाईचे, स्वतः स्टील गिटार वाजवणारे. त्यांचं नावसुद्धा लेखात नाही हे मला फार खटकलं.

आणि आतली रचना तर बघण्यासारखी आहे! मूळ रचनेत मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की पाच स्प्रिंगा दिसतात, एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा, आणि मधे ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी, सहा स्क्रूंवर झुलतो, त्याला लावलेली दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर खाली येतो, सोडली की स्प्रिंगा त्याला परत जागेवर आणतात. ब्रिजवर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल, म्हणजे तार टेकते तो छोटा आधार, त्यामुळे एकेक तार सुरात बसवता येते. तारांची थरथर टिपणारे चुंबकी पिकअप तीन आणि त्यातला एकेक निवडायचा स्विचही तीनच खाचांचा होता, लोकांनीच शोधून काढलं की तो दोन खाचांच्या मधे नेमका धरून ठेवला तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक वेगळाच पोकळ, गोड आवाज येतो. कंपनीने पाच खाचांचा स्विच दिला 1977 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी!

मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे ही गिटार खोलता येते. गिबसन कंपनीची लेस पॉल गिटार घ्या, तिचा नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब मान, चिकटवलेला असतो, स्ट्रॅटचा चार स्क्रूंवर. तारा काढून पिकगार्डचे, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, स्क्रू काढले की पिकअप, पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग), स्विच सगळं एकत्र हातात येतं. हे रेडिओवाल्याचंच डोकं. 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतली, पुढे 1971 मध्ये नेकचा एक स्क्रूही कमी केला, लोक नाराज झाले ते उगाच नाही.

आपल्याकडे कितीतरी मुलं याच आकाराच्या स्वस्त गिटारवर शिकतात. माझ्या भाच्याच्या गिटारचा व्हॉल्यूम खरखरायला लागला तर दुकानदार म्हणाला नवीनच घ्या, आम्ही घरी पिकगार्ड उघडून पॉट बदलला, काम झालं. तेव्हा विनंती अशी की पुढचा लेख टवारेससारख्या घडवणाऱ्यांवर आणि आपल्याकडच्या गिटार रिपेअर करणाऱ्या कारागिरांवर यावा, आणि सोबत उघडलेल्या गिटारचा एक मोठा फोटो नक्की छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे